साडेतीन इंच

रिम पालथी घाल, ओड्गेइर.
तोंड जमिनीकडे, पाठ वर.
काठावर ही सरळ पट्टी आडवी ठेव
आणि टेपचं टोक सोड खाली, आत,
बोल्टांच्या भोकांपाशी,
जिथे चाक हबला टेकतं.
किती?

साडेपाच.

मग नको. टायर आत ओढला जाईल,
वळताना स्टिअरिंगच्या दांड्याला घासेल,
घाट चढायच्या आधीच रबराचा वास.

तुला फोटोतल्यासारखं हवंय, ठाऊक आहे मला,
दोन इंचांवर, गाडीबाहेर फाकलेलं.
दिसतं झोकात.
पण हात लांब करून भरली बादली धरून बघ जरा.
तसं बेअरिंगला रोज धरावं लागतं.

रुंदी बारा. कमी नाही.
अडतीसच्या टायरला अरुंद रिम म्हणजे
थोराड पायात धाकट्याचा बूट.
हवा तीनवर उतरवली
की बर्फावर त्याला मांडी घालून बसता आलं पाहिजे.

स्काप्तीला हे सगळं पाठ होतं.
मला त्यानंच शिकवलं.
तरी त्या एप्रिलमध्ये आठ इंची रिमा चढवून
व्हात्नायोकुत्लवर निघाला,
एकदाच तर जायचंय, म्हणाला.
हवा काढली तेव्हा
टायर रिमवरून सुटला, रात्री, वाऱ्यात.
दोन दिवसांनी सापडला.

तो बघ, कोपऱ्यातल्या टेबलाशी,
डाव्या हातानं वहीत आकडे लिहितोय.
टेप आता त्याच्याच्यानं धरवत नाही.

जा, दुसरी रिम आण.
पालथी घाल.
आणि आकडा मोठ्यानं सांग,
त्याला ऐकू जाईल असा.