पंचेचाळीस दिवस

थंडर बेमध्ये पहाटे साडेपाचला
शाळेच्या बसची काच खरवडते मी
क्रेडिट कार्डाने.
बर्फाची खरवडणी कुठे ठेवली आठवत नाही,
आणि चारांतलं हे एकच कार्ड
अजून कशाच्या तरी कामाचं आहे.
बाहेर उणे सत्तावीस.
शून्याखालच्या आकड्यांची आता सवय झाली.

अडतीस हजार डॉलर.
कुठे गेले विचाराल, तर सांगण्यासारखं काही नाही.
ऐन जानेवारीत बंद पडलेली घरची भट्टी,
टाऊनोचे पुढचे दात,
भावाच्या मयतीला व्हँकूव्हरचं तिकीट,
मग दुसऱ्या कार्डाने पहिल्याचं तोंड बंद करायचं,
तिसऱ्याने दुसऱ्याचं,
अधेमधे दूध, बटाटे.
अंथरूण पाहूनच पाय पसरले होते मी.
अंथरूणच आटत गेलं, धुता धुता.

पतपेढीतला पोरगा (पाचवीपर्यंत माझ्याच बसमध्ये,
खिडकीवर नाक दाबून बसायचा)
म्हणाला, इर्या आंटी, चारही कर्जं एकात बांधू,
फक्त एक जामीन आणा.
बहिणीचं नाव ओठांपर्यंत आलं.
गिळलं.

फोनवरचा गोड आवाज म्हणाला,
बँकांचे हप्ते बंद करा, पैसे आमच्याकडे साठवा,
तुमच्या वतीने आम्ही भांडू. फी आधी.
त्याच्यामागे कुणीतरी हसत होतं,
बहुधा दुसऱ्याच टेबलावर, दुसऱ्याच गोष्टीला.
तरीही मी फोन ठेवला.

टाऊनो म्हणाला, अजून थोडं कमी खाऊ.
तीन वर्षं हेच म्हणतोय.

शेवटी बुटांच्या दुकानावरची ती कचेरी.
पेल्टियरबाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.
दिवाळखोरी: बहुधा नऊ महिन्यांत सुटका.
हा शब्द त्यांनी असा उच्चारला
जसा दातांचा डॉक्टर म्हणतो, थोडंसं टोचेल.
दुसरा कागद म्हणजे तडजोड:
दोनशे पस्तीस दरमहा, साठ महिने,
बाकीचं सोडून द्यावं अशी बँकांना विनंती,
आणि व्याज आजपासून गोठलेलं.
गोठलेलं.
या गावात जन्म गेला,
हा शब्द पहिल्यांदा ऊबदार लागला.

घरात मौल्यवान काही, अशी एक ओळ होती.
तेव्हा सांगितलं, जे टाऊनोलाही सांगितलं नव्हतं:
अकॉर्डियन. एकोणतीसशे डॉलर. कार्डावर.
कागद गिरणी बंद झाली त्या वर्षी, त्याच्या साठीला.
त्याला वाटतं जुन्या बाजारात मिळाला.
दिवाळखोरीत नेतील का तो?
बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
वापरलेलं वाद्य? कुणी नाही नेणार.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.
मी भांडायलाच उठले.
इटलीचा आहे म्हटलं, शिंपल्याच्या पट्ट्या आहेत,
खालचा सूर लागला की कपाटातल्या बशा वाजतात.
त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं,
मग किमतीच्या रकान्यात शून्य काढलं,
हळूच, मला दिसू नये असं.

पहिला कागद स्वस्त पडेल, असंही त्या म्हणाल्या, खरेपणाने.
मी दुसऱ्यावर सही केली.
हिशेबाने नाही. कशाने, ते अजून नीट सांगता येत नाही.
साठ महिन्यांनी मी त्रेसष्टची असेन,
एवढंच मोजलं.

आता बँकांना पंचेचाळीस दिवस.
जी काही बोलली नाही, तिचा होकार धरतात.
आम्हा फिनिश घरांत अबोल्याचे शंभर अर्थ,
पण होकार हा त्यात
कधी ऐकला नव्हता.

सकाळपासून फोन वाजलेला नाही.
स्वयंपाकघरात टाऊनो मांडीवर अकॉर्डियन घेऊन बसलाय.
शेजारी झोपलेत, म्हणून एकही पट्टी दाबत नाही,
फक्त भाता उघडतो, मिटतो.
नुसता श्वास.
आज एकतिसावा.