उभी असताना चाळीस

चांदणी चौकाच्या चढावर एका पोरानं
मागून विचारलं, काका, उतरून ढकलू का?
चांगल्या मनानं विचारलं, तेच लागलं.
गोरख दांगट त्या दिवशी पुढचं भाडं न घेता
सरळ नाना पेठेत, माझ्या लेथपाशी येऊन उभा राहिला.
म्हणाला, हिला पळवायचीय.
कुठवर?
पोरं गप होतील तिथवर.

मग दोन महिने, शटर अर्धं पाडून, रात्रीचे.
गॅसची टाकी उतरवली, एक जाडी सवारी कायमची उतरली.
हेड घासलं केसाइतकं, मग अजून अर्ध्या केसाइतकं.
पोर्ट मी स्वतः पॉलिश केला,
करंगळी आत घालून, डोळे मिटून,
बायको पुरणात डाळ राहिलीय का बघते तसं.
जेट एक नंबरनं मोठा, क्लचच्या स्प्रिंगा कडक,
मागं रुंद टायर,
आणि भवानी पेठेतल्या भंगारातले शॉकॲब्सॉर्बर,
कुठल्याशा परदेशी मोटारसायकलचे,
त्यांना आपले खड्डे शिकवायला आठवडा गेला.
माझा पोऱ्या डॅनियल, बारावी नापास,
सायलेन्सर वाकवताना म्हणायचा,
मामा, आवाज पोटातून आला पाहिजे,
चर्चमधल्या ऑर्गनसारखा.

तीन चाकांची गाडी सरळ कुणीही पळवेल.
वळणावर तिचं एक चाक विचारात पडतं,
रस्त्यावर राहू की नको.
म्हणून बॅटरी काढून मधोमध घेतली,
बूड दोन बोटं खाली बसवलं.
तरी गोरखनं वळताना ढुंगण आतल्या बाजूला सरकवायचंच,
ते कुठल्या दुकानात मिळत नाही.

काढलेलं सगळं एका गोणीत.
वर खडूनं लिहिलं: पासिंग.
फुलेनगरला जायच्या दिवशी
ही परत गरीब होणार होती.

फक्त स्पीडोमीटरला हात लावू देईना.
काटा कधीपासूनचा चाळीसवर अडकलेला.
स्टँडवर रांगेत चाळीस,
रात्री गल्लीत कुलूप घातलं तरी चाळीस.
म्हटलं, चारशे रुपयांत नवा येतो.
नको, म्हणाला, तेवढं एक कंपनीचं राहू दे.

रात्री अडीच. कात्रजचा जुना घाट.
वजन नको म्हणून डॅनियल खाली,
बंद टपरीच्या बाकावर, त्याचं घड्याळ माझ्या हातात.
पण किती पळाली ते कळणार कसं?
गोरखनं मीटर टाकलं.
पैसे सांगतील अंतर, घड्याळ सांगेल वेळ,
भागाकार वर गेल्यावर.

पहिल्या वळणाला माझं जेवण उजवीकडे गेलं.
दुसऱ्याला चाक खरंच विचारात पडलं,
मी सगळाच्या सगळा त्या बाजूला कलंडलो
आणि कळलं, गोरखनं मला
बॅटरीसारखंच मोजून ठेवलंय.
एक ट्रक मागं पडला, त्यानं हॉर्न दिला
जुनी ओळख निघाल्यासारखा.
लाल आकडे, सत्तावन्न, चौऱ्याहत्तर,
ऑर्गन डोंगरावर आपटून परत येत होता
आणि मी घड्याळ बघायचं विसरलो.

बोगद्याच्या तोंडाशी थांबलो.
खाली सगळं पुणं होतं, ते कुणी बघितलं नाही.
आम्ही दोघं वाकून इंजिनाचा वास घेत होतो.
किती?
ब्याऐंशी रुपये.
तसं नाही. वेळ?
मी गप्प.

गोरख बराच वेळ हसला. मग गंभीर होऊन म्हणाला,
रात्रीचं सव्वापट. वर हाफ रिटर्न,
इथून मला परतीचं भाडं मिळायचं नाही.
अरे, परतीचं भाडं मीच की, म्हटलं.
तरी दोनशेची नोट दिली.
सुट्टे नाहीत, म्हणाला.
(पोर्टचे पैसे अजून यायचेत.)

सायलेन्सर टिकटिक करत गार होत होता.
चावी गोरखच्या खिशात.
मोबाईलच्या उजेडात मी पुन्हा आत डोकावलो.
चाळीस.