तिनं न वाचायचं पत्र

ओपीडी संपली तीनला.
मांजरेकरांनी लेटरहेड आणून ठेवलं,
जुन्या साठ्यातलं, फोन नंबर अजून सात आकडी.
"चालेल ना बाई? अमेरिकेतून कोण फोन लावतंय परळला."

प्रणिता घरतनं लिहून दिलंय
की हे पत्र ती कधीच वाचणार नाही.
तसा एक चौकोन असतो फॉर्मवर, खूण करायची.
आमच्याकडे पोरी माहेरच्या जमिनीवर
हक्कसोड करून देतात, तितक्याच मुकाट्यानं.

पत्र इंग्रजीत लिहायचं.
इंग्रजीत ती कष्टाळू येते, वक्तशीर येते,
चारचौघांत मिळून काम करणारी येते.
मराठीत ती येते पहाटे साडेतीनला
रक्तपेढीतून, गार पिशवी काखेत दाबून,
कारण वॉर्मर दिवाळीपासून बंद
आणि अकरा नंबरचा माणूस रक्त ओकतोय.
जिना चढताना ती पिशवीशी बोलत होती.
"चल गं बाई, चल."
मी वरच्या पायरीवर होते, ऐकलं.
अकरा नंबर वाचला नाही.
तेही लिहायचं नसतं.

पोर्टल विचारतं:
आजवर पाहिलेल्यांत ही कुठे बसते?
पहिल्या एक टक्क्यात? पाचात? दहात?
मोजायला बसले, तर आधी तीच आठवतात
जी गेली. ओहायो, टेक्सस, आणखी कुठे कुठे.
नव्या वर्षाला फुलांची चित्रं पाठवतात.
राहिलेली रोज दिसतात, म्हणून मोजणीत येत नाहीत.

मांजरेकर कपाट आवरतायत, मार्चमध्ये मी निवृत्त.
"बाई, हे तुमचंच दिसतंय."
कार्बन कॉपी, जांभळी, सन अठ्ठ्याऐंशी.
सरांनी माझ्यासाठी लिहिलेली शिफारस.
मी गेले नव्हते. कारणं होती, फार मोठी नव्हती.
पण इतकी वर्षं वाटायचं, त्या पत्रात काहीतरी असेल.
सर तोंडानं कमी बोलायचे, लिहिलं असेल.

चार ओळी.
कष्टाळू. वक्तशीर.
तिसऱ्या ओळीत मी 'तो' आहे.
आधीच्या कुणा पोराचा 'तो'
खोडायचा राहून गेला.

मी हसले. मांजरेकरही हसले, कशाला ते न कळता.
मग सकाळी लिहिलेलं पान सगळं पुसलं
आणि पहिल्यापासून बसले.

तिच्या बापाचं मिठागर होतं उरणला.
भरावात गेलं, म्हणते.
उरलेल्यातलं जाडं मीठ त्यानं मागच्या महिन्यात आणून दिलं,
वर्तमानपत्रात बांधून, दोन किलो.
मी रोज आमटीत घालते.
खाल्ल्या मिठाला जागायचं
म्हणजे हिला इथं धरून ठेवायचं की सोडायचं,
म्हण त्यावर काही बोलत नाही.
वॉर्डात पन्नास खाटा, जमिनीवर वीस,
रात्रपाळीला तिघं. तिसरी ही.

काखेसाठी शेवटी लिहिलं 'शरीराची ऊब'.
बरोबर आहे. पण त्यात काख नाही.

स्कॅनरनं कागद दोनदा गिळला.
मग फाइल मोठी झाली, मग पोर्टलनं बाहेर काढलं,
मग पासवर्ड, माझ्या आईचं नाव, चुकीच्या स्पेलिंगचं.
पावणेसातला हिरवी खूण आली:
पत्र मिळाले, आता बदल करता येणार नाही.

दारात प्रणिता, बगलेत एक्स-रेचं पाकीट.
"मॅडम, गेलं?"
"गेलं."
जराशी थांबली. विचारलं काही नाही,
तसं लिहूनच दिलंय तिनं.
माझ्या मात्र पोटात गोळा:
दुसऱ्या परिच्छेदात कुठे 'तो' तर नाही ना राहिला?

"सतरा नंबरची साखर अडतीस आलीय. जाते मी."
"पंचवीस टक्के दे," मी म्हटलं,
तिला ते ठाऊक असून.