तहकूब

मंगळवारी सात वाजता, चर्चच्या मागच्या खोलीत.
हीटरला नाणी लागतात, ती आमची आम्हीच टाकतो.
विषय तिसरा: पुलावरचा खड्डा.

पूल अर्धा लिंकनशायरात, अर्धा केंब्रिजशायरात,
हद्द नदीच्या मधोमध
आणि खड्डा नेमका हद्दीवर.
काउंटीला लिहिलं, रस्ता तुमचा.
उत्तर आलं, निम्माच.
पलीकडच्यांनी अर्जाचा नमुना बदलल्याचं कळवलं.
डिस्ट्रिक्टकडे कचरा नि घरबांधणीचे परवाने.
आणि आम्ही, गावची पॅरिश कौन्सिल:
दोन बाकं, एक दिवा, कबरींमधलं गवत.

इथे नदी शेतांच्या वरून वाहते.
काळी माती वाळते, दबते, वर्षाला बोटभर खाली जाते.
वडिलांनी जमिनीसपाट ठोकलेला खांब
आता माझ्या कंबरेला लागतो.
पंप रात्रभर घरघरतात.
ते थांबले तर हद्द कुठली नि खड्डा कुठला
असं कुणीतरी पुटपुटलं.
इतिवृत्तात मी ते घेतलं नाही.

विल्फ थर्लबी, वय एक्याऐंशी,
सभेत अवाक्षर बोलला नाही.
शनिवारी ढकलगाडीभर खडी घेऊन गेला,
खड्डा भरला, बरोब्बर निम्मा,
फावड्याच्या पात्याने कड सरळ केली
आणि चहाच्या वेळेला घरी.

सोमवारी पाहते तर उरलेला निम्माही भरलेला,
खडी जराशी लालसर.
तिकडेही असणार कुणी म्हातारं.

मी पेनाचं टोपण काढलं, लिहिलं:
विषय तिसरा,
पुढील सभेपर्यंत तहकूब.