बर्फाचं कडं

मिलवॉकीत जानेवारी. काचेच्या मोठ्या वाडग्यावर
दोन वर्षांची धूळ.
डोलोरेस कुबियाक तो धुते, खिडकीशी उजेडात धरते.
कप बारा होते. अकरा आहेत.
बारावा कुणी फोडला ते तिला ठाऊक आहे,
पण आता त्याच्यावर रागवायची सोय नाही.

केकच्या भांड्यात काल लावलेलं बर्फाचं कडं
सुटता सुटत नाही. कोमट पाणी, बुडावर दोन थापा,
मग सुटतं धप्पकन. आत लाल चेरी,
संत्र्याच्या चकत्या,
थिजलेल्या, जशाच्या तशा.

लेनर्डच्या तिरक्या अक्षरातलं कार्ड:
लिंबं सहा. साखर वाटीभर. गार काळा चहा
(हा त्याने कुणाला कळू दिला नाही).
ब्रँडीच्या आकड्यावर मात्र
ब्रँडीचाच डाग.

"दोन बाटल्या," दीर म्हणतो.
"दीड," शेजारची व्हर्ना.
"तो मोजायचाच कुठे," कोट काढता काढता कुणीतरी.
डोलोरेस ओतते, ढवळते, चाखते.
नाही.
पुन्हा ओतते.
"पुरे गं," व्हर्ना म्हणते, "आम्हाला गाडी चालवायचीय."

दहाच्या पुढे कडं झिजत झिजत
बांगडीएवढं झालं,
मग तेही नाही. चेरी तळाला.
उशिरा आलेला जावई, कप न मिळालेला,
कॉफीच्या मगातून पितो, चाचरत म्हणतो,
जरा पाणचट झालंय का?

डोलोरेस त्याच्या हातातून मग घेते.
एक घोट. हीच.
पाहुणे निघायच्या सुमाराला
यायची ही चव.