मला वाटलं, विझलंय

लग्न अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये होतं.
आमच्याकडे बहुतेक लग्नं तिथंच होतात,
मोनोंगाहेलाच्या काठी दुसरा हॉल उरलाय कुठं?
दोन्ही लाल बंब धुऊनपुसून बाहेर उभे,
एकाच्या आरशाला कुणीतरी पांढरी फीत बांधलेली.

मी तीनलाच पोचले.
टेबलं, झालरी, आठ चेफिंग डिश.
आधी खालच्या ताटात पाणी, दोन बोटं.
मग जेवण: रिगाटोनी, कोबीच्या नूडल्स, तळलेली कोंबडी.
अगदी शेवटी इंधनाचे डबे.
पाण्याआधी विस्तव नाही. ही बर्नडेटची शिस्त.

बर्नडेट हुडाक. सव्वीस वर्षं हीच टेबलं.
उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत तिची कातडी
दुधावरच्या सायीसारखी, सुरकुतलेली, चकचकीत.
तिनं ती कधी लपवली नाही.
नव्या पोरांना पहिल्याच दिवशी
बाही वर सारून दाखवायची आणि म्हणायची,
"मला वाटलं, विझलंय."
एवढंच. तीन शब्दांचं प्रशिक्षण.

अंधारात ही ज्योत निळी दिसते,
शाईच्या डागाएवढी.
पण चारच्या उन्हात, पश्चिमेच्या खिडक्यांसमोर,
ती असते आणि नसते.
वरची हवा जराशी थरथरते, तीही
थांबून बघणाऱ्यालाच दिसते.
आणि लग्नात कोण थांबतं?

कोल्टन सतरा वर्षांचा, पहिलाच दिवस.
"बंद करायचं तर फुंकर मारू?"
दुधानं पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात,
पण इथं पोळलेला मुळीच फुंकत नाही.
झाकण. अलगद, बाजूनं सरकवून.
मग डबा गार होईपर्यंत
हात खिशात.

नवऱ्या मुलाचा मामा, स्टश म्हणतात त्याला,
भला माणूस, दोन बिअर पोटात.
त्याला तिसरी डिश गार वाटली.
खाली वाकून बघितलं, ज्योत दिसेना.
हॉलच्या कपाटातून तो जुनी बाटली घेऊन आला,
पातळ इंधनाची, अर्धी भरलेली,
टोपण दातांनी उघडलेलं.
मदतच करत होता बिचारा.

मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते.
धावले नाही.
धावणाऱ्या बाईकडे अख्खा हॉल वळून बघतो
आणि दचकलेल्या माणसाचा हात हलतो.
चालत गेले, भराभर,
त्याचं मनगट धरलं, बाटलीसकट,
आणि म्हटलं, "मामा, पोल्का लागलाय."
दुसऱ्या हातानं बाटली मागे दिली.
कोल्टन होता तिथं. कसा कोण जाणे, होता.
टोपण लावून तो मागच्या दारानं बाहेर गेला,
एक शब्द न बोलता.

मग मामाचा रिकामा तळवा मी डब्याच्या वर धरला,
वीतभर उंच.
त्याचा चेहरा.
बाहेरचे बंब जसे उभे होते तसे उभे.

झाकण सरकवलं. नवा डबा आणला.
जुन्यात भर नाही, कधीच नाही,
हेही बर्नडेटचंच.
मामा माझ्याशी खरंच नाचला,
मोजून, पायांकडे बघत,
मध्येच उजवा हात उघडून पाहत.

दहाला मी आठ झाकणं मोजली,
पुन्हा मोजली, मग टेबलांखाली वाकून तिसऱ्यांदा.
कोल्टन बाजूला उभा, दोन्ही हात खिशात,
दिवसाची मजुरी विचारायचंही विसरलेला.

निघताना नवरीच्या आईनं मला गाठलं.
जेवण छान होतं म्हणाली,
फक्त रिगाटोनी मध्येच जरा कोमट झाली होती.
मी म्हटलं, हो, चुकलंच.
पुढच्या वेळी लक्ष देईन.