यझ्दचा मेहरबान

जानेवारीत शेफिल्डला आमचा बॉयलर विझला
तेव्हा कंपनीनं पाठवला मेहरबान शहरियारी,
यझ्दचा. साठीचा. गुडघे कुरकुरणारे.
झाकण काढलं, नळी फुंकून साफ केली,
आणि ठिणगी टाकण्याआधी
गळ्यातला मफलर ओढून तोंडावर घेतला.

मला वाटलं, गॅसचा वास.
तो म्हणाला, सवय. ज्योतीवर श्वास पडू नये.

चहा होईस्तोवर त्यानं मला फिरवून आणलं:
दीड हजार वर्षं न विझलेला विस्तव,
काचेपलीकडे, जर्दाळूच्या लाकडावर;
मग वाळवंट, मग तो डोंगर
ज्याच्या पोटात म्हणे एक राजकन्या शिरली
आणि डोंगर मिटला.
अजून ठिबकतो. चक. चक.
नावच तेवढं.
"देऊळ दिसलं की गाडीतून उतरायचं.
पुढचं चालत."

किती वर्षं झाली जाऊन?
त्यानं बिस्किट बुडवलं. ते तुटून कपात पडलं.

इंग्रजी आम्हां दोघांचंही उसनं,
पण बाग त्याचीही बागच,
आणि हजार म्हणजे हजार.

जाताना मी म्हटलं, हा नळ तेवढा?
कधीचा गळतोय.
तो वाकला. ऐकलं. एक थेंब बोटावर घेतला.
पाना परत पेटीत ठेवला.

पावतीवर फक्त बॉयलर लिहिलाय.
रात्री घर ऊबदार,
आणि स्वयंपाकघरात कुणीतरी
अजून डोंगराच्या आत आहे.